एका वर्षाची दोन नावे

न्हावा शेवा हे नाव बाहेरच्या माणसाला बंदर म्हणूनच ठाऊक असते. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि न्हावा व शेवा या दोन गावांची नावे जगभरच्या मालाच्या कागदपत्रांवर चढली. बंदरामागे कंटेनर यार्ड आले, गोदामे आली, ट्रकच्या रांगा आल्या आणि त्यांच्यामागे पोटासाठी माणसे आली. आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात आज कोकणी मुसलमानांच्या मुलांशेजारी लातूर, उस्मानाबाद, बीड, नांदेडकडच्या कुटुंबांची मुले बसतात. कुणाचे वडील ट्रक चालवतात, कुणाचे यार्डात हमाली करतात. त्या मुलांची दखनी बोली ऐकली की कोकणातली मुले हसतात आणि महिनाभरात तीच बोली बोलू लागतात.

आठवीला इतिहासात हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचा भाग आहे. काही वर्षांपूर्वी तो शिकवताना आम्ही फळ्यावर ‘रझाकार’ हा शब्द लिहिला. औसा तालुक्यातून आलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, ये तो रझाकार का सबक है. पुलिस ॲक्शन का सबक किधर है?’’ आम्ही सांगितले, बेटा, हा तोच सबक आहे. मुलाला ते पटले नाही. तो खाली बसला, पण त्याचा चेहरा सांगत होता की सरांना काहीतरी माहीत नाही.

विचार केल्यावर आमच्या लक्षात आले की मुलगा बरोबर बोलत होता. मराठवाड्यात १९४७-४८ च्या त्या काळाला दोन नावे आहेत. हिंदू घरांत म्हातारी माणसे त्याला ‘रझाकारी’ म्हणतात. मुसलमान घरांत त्याच काळाची आठवण ‘पुलिस ॲक्शन’ या नावाने निघते. एकाच गावात, एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या माणसांनी एका वर्षाची दोन नावे ठेवली. एका नावात १७ सप्टेंबर १९४८ च्या अलीकडचे दुःख आहे, दुसऱ्या नावात पलीकडचे. ज्या घरात एक नाव घेतात, तिथे दुसरे सहसा घेत नाहीत.

आमच्या या भागाला बंदुकीचा आवाज नवा नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जासई-नवघर परिसरात गोळ्या चालल्या आणि पाच जण गेले. परंतु या दोन्ही वेळी बंदूक सरकारची होती आणि गाव एका बाजूला होते. संध्याकाळी घरी परतल्यावर शेजारचे दार आपले होते. यादवीत नेमके हेच उरत नाही. यादवीत माणसाला सैन्याची भीती असतेच, पण त्याहून मोठा प्रश्न असतो तो शेजारच्या दाराचा. ते दार रात्री उघडेल की नाही? उघडले तर आतून कोण बाहेर येईल? हैदराबाद संस्थानातल्या त्या काळाला सरकारी कागदात यादवी म्हटलेले नाही. सामान्य माणसाने मात्र ती यादवीसारखीच भोगली.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. निजामाच्या संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे आणि तीन कन्नड भाषक. राज्यकर्ता मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू. देश स्वतंत्र झाला तेव्हा निजामाला भारतात सामील व्हायचे नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सामिलीकरणासाठी ऑगस्ट १९४७ मध्ये सत्याग्रह सुरू केला. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. दुसरीकडे मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचे पुढारी कासिम रझवी यांनी रझाकारांचे दल वाढवत नेले. रझवी मूळचे लातूरचे वकील. लातूरसारख्या बाजारपेठेच्या गावात वकिली केलेल्या माणसाला गावगाडा ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. तरीही त्यांनी मुसलमानांना सांगितले की तुम्ही राज्यकर्ते आहात. पिंजारी, मुलाणी, तांबोळी, आत्तार, मोमीन विणकर यांच्या घरात तेव्हा राज्य नव्हते, दोन वेळची भाकरही नव्हती. पण ‘आपले राज्य’ हा शब्द रिकाम्या पोटाला लवकर चढतो.

हिंदू गावकऱ्यांनी ते वर्ष कसे काढले? रझाकार गावांवर महिन्याची रक्कम बसवत. जिथे ती मुकाट्याने दिली जाई तिथे गाव वाचे, जिथे नकार मिळे तिथे लूट, जाळपोळ आणि खून होत. लोकांनी दागिने चुलीखाली पुरले. तरण्या मुली आणि सुना सोलापूर-बार्शीकडच्या नातेवाइकांकडे पाठवल्या, कारण तो मुलूख मुंबई प्रांतातला, म्हणजे हद्दीपलीकडचा. काहींनी बैल मिळेल त्या भावाला विकले. ज्यांना विकवले नाहीत त्यांनी गडी-माणसांच्या हवाली करून रातोरात हद्द ओलांडली. घरात म्हातारी माणसे तेवढी राहिली, कारण घर अगदी रिकामे दिसले की ते लुटले जाते, हा अनुभव होता.

हद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. तिथले तरुण संस्थानात शिरून करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, नाकी उडवत, पोलीस ठाण्यांवर हल्ले करत. त्यांचे धाडस मोठे होते. पण मधल्या गावांचा विचार केला की सामान्य माणसाची कोंडी कळते. रात्री कॅम्पवाले येऊन भाकरी मागत. सकाळी रझाकार आणि पोलीस येऊन विचारत, रात्री भाकरी कुणी दिली? भाकरी नाकारली तर एकाचा रोष, दिली तर दुसऱ्याचा. अशा वेळी गाव काय करते? गाव बोलणे कमी करते. ‘आम्ही झोपलो होतो’ हे एकच उत्तर सगळे गाव पाठ करून ठेवते. तो भित्रेपणा नव्हता. ज्यांच्याकडे शस्त्र नाही त्यांची ती ढाल होती.

सगळे मुसलमान रझाकारांबरोबर होते, ही समजूत खरी नाही, आणि ती पुसण्यासाठी एक नाव पुरेसे आहे. शोएबुल्ला खान हे हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांना आवरावे असे ते उर्दूत, मुसलमान वाचकांसमोर लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये, भारतीय सैन्य यायच्या तीनेक आठवडे आधी, त्यांना रस्त्यात गाठून ठार करण्यात आले आणि ज्या हाताने लिहीत तो हात तोडण्यात आला. उर्दू शिकवणाऱ्या आम्हा लोकांना हे नाव शाळेत कुणी सांगितले नव्हते. आम्हीही बरीच वर्षे आमच्या मुलांना सांगितले नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरच्या बाजूने शिरले. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत लढाई संपली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो आणि तो पाळणे रास्त आहे. एक जुलमी राजवट त्या दिवशी संपली.

परंतु त्या दिवशी आणखी काहीतरी सुरू झाले. रझाकार पळाले किंवा पकडले गेले. गावात उरले ते पिंजारी, मुलाणी आणि विणकर. बदला घ्यायला जे निघाले त्यांना समोर तेच सापडले. काही ठिकाणी गावातलेच लोक होते, काही ठिकाणी सोलापूर व इतर शहरांतून आलेले सशस्त्र लोक. बातम्या पंतप्रधान नेहरूंपर्यंत पोचल्या तेव्हा पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती संस्थानात पाठवण्यात आली. सुंदरलाल म्हणजे ‘भारत में अंग्रेजी राज’ हा इंग्रजांनी बंदी घातलेला ग्रंथ लिहिणारे गांधीवादी. त्यांच्यासोबत काझी अब्दुल गफ्फार होते, ‘लैला के खुतूत’ लिहिणारे उर्दूतले नामवंत लेखक. तिसरे मौलाना अब्दुल्ला मिस्री. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ही समिती नऊ जिल्हे फिरली आणि १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी बोलली.

समितीचा अंदाज असा की पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. त्या चारांतच १८ हजारांहून कमी नाहीत. लातुरात कत्तल वीसेक दिवस चालली आणि दहाएक हजार मुसलमानांच्या वस्तीत जेमतेम तीन हजार उरले. पुष्कळ पळाले, हजारावर मारले गेले. एका विहिरीत समितीने ११ प्रेते मोजली. त्यांत एक बाई होती आणि तिच्या छातीशी लहान मूल होते. काही ठिकाणी सैनिकांनी माणसे वाचवली, काही ठिकाणी सैनिक व पोलीस लुटीत सामील झाले, असे दोन्ही समितीने नोंदवले आहे.

आमच्या दृष्टीने त्या अहवालातली मोठी नोंद आणखी एक आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना स्वतःचा जीव धोक्यात घालून, काही वेळा जीव देऊन, वाचवले. पळवलेल्या मुसलमान बायका परत मिळवून देण्यासाठी अनेक हिंदू झटले. जे रोज एकाच कामाला बसतात, एकाच व्यापाऱ्याकडून सूत उचलतात, एकाच बाजारात फसवले जातात, त्यांच्यामधले नाते भाषणांनी तुटले नाही.

हा अहवाल गृहमंत्री सरदार पटेल यांना मान्य झाला नाही. रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेशी जागा नाही असा त्यांचा आक्षेप होता. पुढे अनेक दशके सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. आमचे मत विचाराल तर आक्षेपात तथ्य होते आणि अहवालातही सत्य होते. आक्षेपाचे उत्तर म्हणून दुसरा अहवाल लिहायला हवा होता. पहिला कपाटात ठेवून रझाकारांनी मारलेल्या माणसांना न्याय मिळाला नाही, नंतर मारल्या गेलेल्यांना तर मुळीच नाही.

त्या मुलाच्या प्रश्नामुळे आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांची आजी, घरात तिला बडी अम्मा म्हणतात, गावाहून काही दिवसांसाठी आली होती. त्या वर्षी ती नऊ-दहा वर्षांची होती. आधी ती काही बोलेना. ‘‘क्या करना है वो बातां लेके?’’ म्हणाली. मग हळूहळू बोलू लागली.

कोकणातल्या वाचकांसाठी सांगायला हवे की मराठवाड्यात ज्वारी साठवायला जमिनीत खोल खड्डा करतात, त्याला पेव म्हणतात. वर दगड ठेवून, माती लिंपून तोंड बंद करतात. बंद पेवात हवा मरते, म्हणून उतरण्याआधी दिवा सोडून पाहतात. दिवा विझला तर माणूस उतरवत नाहीत. सैन्य आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याने, ज्याला सगळे अण्णा म्हणत, रात्री यांच्या दाराची कडी वाजवली. त्याच्या रिकाम्या पेवात त्याने आधी कंदील सोडला. तो जळत राहिला, तेव्हा बायका आणि मुले एकेक करून खाली उतरवली. बडी अम्माचा भाऊ तान्हा होता. तो रडू नये म्हणून त्याला अफूचा कण चाटवला. दिवसा तोंडावरचा दगड बोटभर सरकवलेला असे. दोन रात्री तिथे काढल्या. पावसाने खाली ओल आली तेव्हा अण्णाने सगळ्यांना घरात आणून बळदीत, म्हणजे भिंतीला लागून असलेल्या धान्याच्या अंधाऱ्या कोठीत, लपवले. अण्णाची बायको भाकरी वरच्या तोंडातून सोडायची. गावात कुणी विचारले तर सांगायची, जास्त भाकरी गड्यांसाठी आहेत. घरात तेव्हा एकही गडी कामाला नव्हता, हे सगळ्या गल्लीला माहीत होते. गल्लीने पुन्हा विचारले नाही. बडी अम्माचे वडील आणि आजोबा बाहेर उभ्या ज्वारीत लपले होते. आजोबा परत आले. वडील आले नाहीत.

आम्ही वहीत हे लिहून घेतले. निघताना बडी अम्माने आम्हाला थांबवले. म्हणाली, ‘‘एक बात लिखो मत, पर सुनो.’’ तिचा सख्खा चाचा रझाकार होता. त्या उन्हाळ्यात रझाकारांची टोळी रक्कम वसूल करायला गावात आली तेव्हा अण्णाच्या थोरल्या भावाला खांबाला बांधून मारले होते. त्याचा उजवा हात पुन्हा कधी वर गेला नाही. चाचा त्या टोळीत उभा होता. ‘‘अण्णा को मालूम था?’’ आम्ही विचारले. ‘‘मालूम था. सब को मालूम था. ना उन्होंने कभी मुँह से निकाला, ना हमने.’’

बडी अम्मा दीड वर्षापूर्वी अल्लाहला प्यारी झाली. ती गोष्ट लिहायची की नाही, याबद्दल आम्ही त्या मुलाच्या वडिलांशी बोललो. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, नाव गाव नको, बाकी लिहा. अण्णाची अर्धी गोष्ट सांगितली तर त्याच्यावर अन्याय होईल. एका भल्या शेतकऱ्याने बायका-मुले लपवली, एवढेच सांगितले तर ते सोपे वाटते. ज्याच्या भावाचा हात गेला होता त्याने लपवली, हे सांगितले की त्याने काय केले ते कळते. आणि ते सांगायचे तर आमच्या माणसाने काय केले होते, तेही सांगावे लागते.

महिन्याभराने ते कुटुंब बळदीतून आपल्या घरी गेले. दाराची चौकट कुणी काढून नेली होती. भांडी नव्हती. शेत होते, पण बी नव्हते. रब्बीच्या पेरणीला उशीर झाला होता. अण्णाने दोन पायल्या शाळूचे बी उसने दिले. सुगीनंतर आजोबांनी ते सव्वापट परत केले. सगळे काही ‘ठीक’ झाले ते असे. पुढच्या काळात निजामी नोकरीतले पुष्कळ मुसलमान घरी बसले, कचेरीतून उर्दू गेली, शिकलेली माणसे हैदराबादला किंवा पाकिस्तानात निघून गेली. गावात राहिले ते जमिनीला आणि हातकामाला धरून राहिले. त्यांनी सब्र केला. त्या सब्रात एक अट न बोलता ठरली होती: तुम्ही रझाकारीबद्दल आमच्यासमोर बोलू नका, आम्ही पुलिस ॲक्शनबद्दल तुमच्यासमोर बोलत नाही.

ज्यांना उद्या सकाळी त्याच बांधावर उभे राहायचे होते त्यांच्यासाठी ही अट शहाणपणाची होती. तिच्यामुळे पेरण्या झाल्या, लग्ने झाली, उरुसाला आणि जत्रेला दोन्हीकडची माणसे आली. त्या पिढीला आम्ही नावे ठेवणार नाही. पण ज्या मौनाने आजोबा वाचले तेच नातवाला अडाणी ठेवते. लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० यादवी चालली. १९८९ च्या ताइफ करारात सर्वांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक करायचे ठरले. त्या यादवीबद्दल एकमत होईना, म्हणून शाळेतला इतिहास १९४० च्या दशकापाशीच थांबून राहिला. मुले मात्र थांबत नाहीत. ती आपापल्या घरात, आपापल्या गल्लीत उरलेला इतिहास शिकतात आणि प्रत्येक गल्लीत तो वेगळा असतो. आमच्याकडे पुस्तक थांबलेले नाही, पण १७ सप्टेंबरची तारीख आली की घरे वेगवेगळ्या दिशांना पाहू लागतात. एका घरातला मुलगा फक्त रझाकार शिकतो आणि शेजारच्या मुसलमानाकडे संशयाने पाहतो. दुसऱ्या घरातला मुलगा फक्त पुलिस ॲक्शन ऐकतो आणि स्वतःला कायमचा मजलूम समजतो. दोघांनाही अण्णा माहीत नसतो, शोएबुल्ला खान माहीत नसतो.

आता तो पाठ आला की आम्ही फळ्यावर दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहितो. आधी रझाकारांनी काय केले ते सांगतो, मोजूनमापून, काही न झाकता, कारण ते आमच्या मुलांनी आमच्याच तोंडून ऐकले पाहिजे. मग सप्टेंबरनंतर काय झाले ते सांगतो. मग विणकरांचे सांगतो. कोकणातली मुले या वेळी दखनीला हसत नाहीत.

त्या वर्षी जे दहा वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहेत. या अंकाच्या वाचकांत मराठवाड्यातली पुष्कळ घरे आहेत. आमची त्यांना विनंती आहे की घरातल्या बुजुर्गांजवळ वही घेऊन बसा. कुणी मारले ते लिहा, कुणी वाचवले ते लिहा, आणि आपला चाचा कुठे उभा होता तेही लिहा.